नारू, माझा गुडघा आणि दुहेरी मांजरपाट

ज्या घरात दर उन्हाळ्याला कोणाच्या तरी पायातून नारू निघतो, त्या घरातल्या बायकांसाठी हे लिहीत आहे. मी वैद्य नाही. कल्याणात राहणारी, ठाण्याच्या कचेरीतल्या एका कारकुनाची बायको आहे. लिहिणे-वाचणे लग्नानंतर यांनीच शिकवले आणि नंतर पस्तावले, कारण तेव्हापासून घरी येणारे प्रत्येक मासिक आधी मी वाचते. आजारपणावर लिहिताना लोक रडतात फार. मीही रडले, पण ते इथे लिहून कोणाचा नारू बरा होणार नाही, म्हणून तेवढे वगळते.

नारू ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. अंगावर, बहुधा घोट्याजवळ, आधी खाज सुटते. मग फोड येतो आणि त्याची अशी आग होते की निखारा बांधल्यासारखे वाटते. फोड फुटला की आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोके काढतो. तो हातभर, कधी दीड हात लांब असतो. त्याला बारीक काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. महिना महिना लागतो. आमच्या आळीत उन्हाळ्यात काडी बांधून लंगडणारी माणसे इतकी, की त्याचे कोणाला काही वाटत नसे.

मला लागोपाठ तीन वर्षे निघाला. पहिल्यांदा घोट्याला, दुसऱ्यांदा तळपायाला. तिसऱ्यांदा उजव्या गुडघ्याच्या खाली.

माझी घाई

त्या वर्षी चैत्राच्या सुरुवातीला फोड आला. सासूबाईंनी हिंग-गूळ खायला घातला, वर धोत्र्याचा पाला बांधला. आग थांबेना, तेव्हा मी दुपारी आळीतल्या पायऱ्यांच्या विहिरीवर जाऊन गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडून बसत असे. सगळ्याच बसत. तेवढाच गारवा. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या हातून घडलेली ही पहिली चूक, आणि ती मी माझ्यापुरती केली नाही, साऱ्या आळीला केली. ते मला नंतर कळले.

दुसरी चूक निव्वळ घाईची. अक्षय्यतृतीयेला आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू असते. पन्नासएक बायका येतात. काडी बांधलेला पाय घेऊन डाळ आणि पन्हे वाटत फिरायचे मला जिवावर आले. नारू गुंडाळायला म्हादू न्हावी येत असे. तो म्हणे, "वैनी, रोज दोन बोटं. तिसरं बोट ओढायचं नाय." मी सकाळी दार लावून घेतले आणि म्हटले, आज काय तो निकाल लावते. वीतभर आला, छान आला. मग पट्कन तुटला आणि उरलेला आत गेला.

हळदीकुंकू झाले. मी डाळ वाटली. तिसऱ्या दिवशी ताप भरला आणि गुडघा भोपळ्याएवढा झाला.

सासूबाई म्हणाल्या, "देवीचा कोप आहे."

मी म्हटले, "देवीने नाही ओढला, मी ओढला."

"तोंड चालतंय ना, म्हणजे मरत नाहीस," असे म्हणून त्या पोटीस करायला गेल्या. पण आठवडाभरात माझे तोंडही चालेनासे झाले. पाय दुमडलेला, तो कोणी हलवला तरी माझी किंकाळी आळीच्या टोकाला ऐकू जाई. शेवटी यांनी कोणाला न विचारता डोली बोलावली आणि मला आगगाडीत घालून ठाण्याच्या इस्पितळात नेले. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तिथे जो जातो तो चार जणांच्या खांद्यावरून परत येतो." हे आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट बोलले. "आई, ती घरातून जातानाच चौघांच्या खांद्यावर आहे. आता आणखी काय व्हायचंय?"

इस्पितळ

तिथले डॉक्टर इनास हे वसईकडचे ख्रिस्ती. वडील भातशेती करत, मुलगा मुंबईला वैद्यकी शिकून आलेला. परक्या पुरुषापुढे गुडघा उघडा टाकायचा म्हणून मी पदर तोंडावर ओढून घेतला. त्यांनी पाय पाहिला आणि विचारले, "कोणी तोडला?"

"मी."

"न्हाव्याने नाही?"

"त्याने बजावलं होतं. मी ऐकलं नाही."

"बरं झालं सांगितलंत. इथे आलेला प्रत्येक जण न्हाव्यावर ढकलतो. न्हावी एवढे वाईट असते, तर मी माझी दाढी त्यांच्या हाती दिली नसती."

मी पदर तोंडावरून काढला. ज्या माणसाला थट्टा सुचते, तो मला मेलेली धरत नाही, असा हिशेब मी केला.

मग ते थट्टा सोडून बोलले. "आत तुटलेला किडा कुजतो आहे. उद्या गुंगीचं औषध देऊन चिरावं लागेल. पाय राहील, असं मला वाटतं. गुडघा सरळ होईल की नाही, हे मी आज सांगत नाही. एक मात्र सांगतो. पुन्हा या गुडघ्याशी नारू निघाला, तर तो कायमचा आखडेल. मग माझ्याकडे येऊ नका, सुताराकडे जा, कुबडी चांगली करून देईल."

यांचा चेहरा पांढरा पडला. मला उलट बरे वाटले. इतके दिवस जो तो म्हणत होता, "होईल हो बरं." काय होईल, कधी होईल, कोणी सांगत नव्हते. आता मला ठाऊक होते की मी कशासाठी भांडायचे आहे. गुडघ्यासाठी.

चिरण्याचे वर्णन करत नाही, कारण मला ते माहीत नाही. गुंगीत मी सासूबाईंना नावाने हाक मारली, असे हे सांगतात. मी मानत नाही.

नंतरचे तीन आठवडे सगळे घड्याळाप्रमाणे. पहाटे फरशी पुसायची. मग कार्बोलिकच्या वासाचे पाणी, जुन्या पट्ट्या सोडायच्या, जखम धुवायची, नवी पट्टी. ठाण्यात राहणारी माझी भावजय दोन वेळा डबा आणी. दुपारी पायाला दोरीने वाळूची पिशवी टांगत आणि ती कॉटच्या पायथ्याशी कप्पीवरून सोडत, गुडघा ओढून सरळ व्हावा म्हणून. ती पिशवी लागली की मी दात आवळून पाढे म्हणत असे. एकोणतीसचा पाढा मला कधी येत नव्हता, तो इस्पितळात पाठ झाला.

शेजारच्या खाटेवर बुधी होती. मिठागरावर काम करणारी आगरीण, तिच्याही पायात नारू. मी पहिल्या दिवशी हुंदका दिला तेव्हा ती म्हणाली, "कनाला रडतंस गो बाय? तुजा तं येकच हाय. माजं तीन निंगालं." तिसऱ्या दिवशी भावजयीने आणलेल्या सोड्याच्या, म्हणजे सुक्या कोलंबीच्या, खिचडीतली अर्धी मी तिला दिली. ती खाऊन म्हणाली, "बामनासारकी दिसतंस, पर जेवतंस आमच्यासारकी." आम्ही कायस्थ आहोत हे तिला समजावता समजावता माझी वाळूची पिशवी कधी काढली तेही कळले नाही.

काचेखाली

एक दिवस डॉक्टर इनास एक पितळी नळकांडे घेऊन आले. मोठ्या डॉक्टरसाहेबांचे सूक्ष्मदर्शक यंत्र, परवानगी काढून आणलेले. त्यांनी बुधीच्या फोडावर गार पाणी सोडले. लगेच तिथून दुधासारखे काही पाझरले. त्याचा थेंब काचेवर घेऊन त्यांनी यंत्राखाली ठेवला आणि मला म्हणाले, "या, बघा."

बुधी ओरडली, "माज्या पायातला हाय, मना आदी बगूं द्या!"

तिचे बरोबर होते. तिने आधी पाहिले आणि एवढेच म्हणाली, "आगो बाय."

मग मी पाहिले. एका थेंबात केसाच्या तुकड्यांसारखी शेकडो पिल्ले वळवळत होती. डॉक्टर म्हणाले, "नारूला पाण्याची वाट बघायची असते. म्हणून तो आग लावतो. तुम्ही आग विझवायला पाय विहिरीत बुडवता, की तो ही सगळी पिल्लं पाण्यात सोडतो."

चैत्रातल्या त्या साऱ्या दुपारी मला आठवल्या. पायऱ्यांवर ओळीने बसलेल्या आम्ही, आणि आमच्या पायांखालीच घागरी भरणाऱ्या पोरी.

मग त्यांनी दुसरा थेंब ठेवला, ठाण्यातल्याच एका पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्याचा. त्यात टोपरे घातल्यासारखा दिसणारा एक बारीक किडा टुणटुण उड्या मारत होता. नुसत्या डोळ्यांना तो पांढऱ्या ठिपक्याएवढा दिसतो. "नारूची पिल्लं या किड्याच्या पोटात शिरतात, तिथे वाढतात. तुम्ही पाण्याबरोबर किडा पिता. वर्षभराने तुमच्या पायातून दोरा निघतो. रशिया देशातल्या एका विद्वानाने हे पाहून ठेवलं आहे. आता विलायतेतही काही जण मानू लागलेत. पण पुष्कळ मोठे डॉक्टर अजून म्हणतात, की नारू पायाच्या कातडीतून शिरतो."

"तुमचं काय मत?"

"माझा पाण्यावर संशय आहे. पण माझ्याकडे दाखवायला घर नाही. एक घर वर्ष-दोन वर्षं नीट गाळलेलं पाणी पिईल आणि तिथला नारू थांबेल, तर मी बोलू शकेन."

मी म्हटले, "आमच्या घरी पाणी आजही गाळूनच पितात. आणि आमच्याकडे नारू आहे. मग?"

डॉक्टरांनी डोके खाजवले. "मग माझं चुकत असेल," ते म्हणाले, "किंवा तुमचं गाळणं."

खाटेवरून दिसलेले

ज्येष्ठात घरी आले ती बगलेत कुबडी घेऊन. गुडघा वाकलेलाच होता, पूर्ण सरळ होत नव्हता. स्वयंपाकघराच्या दाराशी माझी खाट टाकली. चाळीशीपर्यंत मी माझे स्वयंपाकघर कधी बसून पाहिले नव्हते. उभी असले की मी काम करत असे, बघत नसे. आता बघण्याशिवाय काही नव्हते.

माझी सून यमुना विहिरीवरून घागर आणी, हंड्याच्या तोंडावर यांच्या जुन्या धोतराचा तुकडा टाकी आणि पाणी ओती. धोतर विरलेले. त्यातून मला पलीकडची चूल दिसत होती. ते एक. पण दुसरे पाहिले आणि मी खाटेवर ताठ बसले. सगळे पाणी ओतून झाल्यावर यमुनेने गाळणे उचलले आणि हंड्यातच घट्ट पिळले. शेवटच्या थेंबापर्यंत.

"यमुने! ते काय केलंस?"

ती दचकली. मला ती आत्याबाई म्हणते. "काय आत्याबाई? पिळलं."

"आत कशाला पिळलंस? जे अडकलं ते सगळं परत आत गेलं की!"

ती हळू आवाजात पण स्पष्ट म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत. मी लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात मी गाळणं बाहेर पिळलं, तर तुम्ही माझ्या हातावर मारलंत. म्हणालात, वैशाखात पाणी फेकते, माहेरी नदी आहे वाटतं हिच्या."

मला आठवले. मारले होते. आणि मला माझ्या सासूबाईंनी शिकवले होते, त्यांना त्यांच्या सासूने. उन्हाळ्यात विहिरीच्या खालच्या पायरीवरून वाटीवाटीने घागर भरावी लागते. तिथे कोणती गृहिणी थेंब सोडील? आमच्या आळीत प्रत्येक घरात गाळणे होते आणि प्रत्येक घरात ते हंड्यातच पिळत. गाळून अडवलेला किडा आम्ही हाताने परत पाण्यात घालत होतो. आणि ज्या महिन्यांत पाणी कमी, त्याच महिन्यांत जास्त काटकसरीने.

मी यमुनेला म्हटले, "मारलं ते चुकलं."

ती इतकी घाबरली की सासूबाईंना बोलवायला धावली. तिला वाटले मला पुन्हा ताप चढून वात झाला.

वर्षभराचे युद्ध

मी यांच्याकडून घट्ट विणीचे कापड, नवा कोरा मांजरपाट आणवला. तो दुहेरी शिवला. वरच्या बाजूला तांबड्या दोऱ्याची टीप घातली, म्हणजे गाळणे उलटे पडणार नाही. पाणी गाळून झाले की ते हंड्यापासून दूर, परसात कोरड्या जमिनीवर झटकायचे आणि उन्हात वाळत घालायचे. विहिरीच्या काठी धुवायचे नाही. फोड आलेल्याने विहिरीत उतरायचे नाही, पाणी घरी आणून त्यात पाय ठेवायचा आणि ते पाणी खड्ड्यात ओतायचे. घराबाहेर जाणाऱ्याने स्वतःचा तांब्या आणि गाळायला रुमाल न्यायचा. इतके सोपे.

आणि इतके अवघड! सासूबाई म्हणाल्या, "साठ वर्षं मी हे पाणी प्यायले. किडे होते म्हणतेस, तर ते माझ्याच पोटात मेले असतील." मी म्हटले, "सात वेळा तुमच्या पायातून जिवंत निघाले." त्यांनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मी पाहिले, तर त्या आपल्या देवाच्या कलशातले पाणी गुपचूप दुहेरी गाळण्यातून गाळत होत्या. देवाला नारू होऊ नये म्हणून.

विहिरीवर तर हसूच. शेजारच्या येसूबाई पाय बुडवून बसल्या होत्या. मी कुबडीवर वाकून म्हटले, "येसूबाई, पाय वर घ्या."

"का? विहीर तुमच्या सासऱ्यांनी बांधली?"

"नाही. पण त्यात मी तीन उन्हाळे किडे सोडलेत. तुम्ही आणखी सोडू नका."

सगळ्या हसायच्या थांबल्या. स्वतःची चूक सांगितली की लोक ऐकतात, हे मला तेव्हा समजले. येसूबाईंनी पाय वर घेतले. मी गेल्यावर पुन्हा सोडले असतील. पण तेव्हा घेतले.

गुडघ्याचे काम रोज चालू होते. इस्पितळातल्यासारखी वाळूची पिशवी यांनी घरी करून दिली. सकाळी अर्धी घटका, दुपारी अर्धी. श्रावणात कुबडी सुटून काठी आली. दिवाळीत काठीही सुटली, पण पाय बोटभर वाकलेलाच राहिला आणि मी लंगडत असे.

पुढचा उन्हाळा आला. मला नारू निघाला नाही. मुलाला नाही, यमुनेला नाही, सासूबाईंना नाही. पण वैशाखात यांच्या पोटरीला फोड आला.

सासूबाईंना केवढा आनंद! मुलाच्या पायात नारू, आणि त्या आळीभर सांगत फिरल्या, "मांजरपाटातून नारू आला बरं का." मी ठाण्याला चिठ्ठी पाठवली. डॉक्टर इनासांचे उत्तर आले: मागच्या चैत्रात जे प्यायले, ते यंदाच निघणार. खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात. शिवाय तुमच्या यजमानांना विचारा, कचेरीत पाणी कोणत्या विहिरीचे पितात?

मी विचारले. यांनी रुमाल न्यायचा सोडला होता. "कारकून हसतात गं."

"हसू देत. आता लंगडत जा, आणखी हसतील."

त्यानंतर हे एकही दिवस रुमाल विसरले नाहीत.

विहीणबाई

माझी मुलगी गोदू माजिवड्याला दिली आहे. लग्नाला बरीच वर्षे झाली होती, मूल नव्हते. त्या वर्षी नवरात्राच्या सुमारास तिला दिवस गेले. दोन्ही घरी आनंद. फाल्गुनात तिच्या सासरी डोहाळजेवण ठरले. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याकडे.

निघताना हे म्हणाले, "आजचा दिवस तिथे पाणी पिऊ नकोस. तहान सोस. गाळणं बाहेर काढू नकोस." ते बरोबर सांगत होते. मी ऐकायला हवे होते. पण उन्हातून गाडीतला प्रवास, घशाला कोरड. विहीणबाईंनी चांदीच्या भांड्यात पाणी आणून दिले. मी पिशवीतून मांजरपाट काढला, भांड्यावर टाकला आणि पाणी माझ्या तांब्यात ओतले.

चाळीस बायका बसल्या होत्या.

विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या घरच्या पाण्यात तुम्हाला काय दिसलं?"

"काही दिसलं नाही. दिसलं असतं तर गाळलं नसतं, फेकलं असतं."

हे मी बोलायला नको होते.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग मीही स्पष्ट बोलते. तुमच्या घरात दर साल नारू निघतो. गेल्या साली व्याह्यांना निघाला. तुम्ही स्वतः लंगडता. खाली बसलात तर उठायला दोघींचा हात लागतो. आमच्या घरचं पहिलं नातवंड अशा घरी, अशा माणसाच्या हाती द्यायचं? गोदूचं बाळंतपण इथेच होईल."

गोदू तिथेच फुलांच्या साजात बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले. तिचे डोळे भरले. त्या घरात तिने बोलायचे नव्हते.

माझ्या मनात आले, रागावून उठावे. पण उठायला खरेच दोघींचा हात लागला असता.

मी म्हटले, "विहीणबाई, तुमचं खरं आहे. मीही माझी लेक नारूच्या घरात बाळंतपणाला ठेवली नसती. वैशाख संपेपर्यंत थांबा. तोपर्यंत आमच्या घरात कोणालाही एक जरी नारू निघाला, तरी गोदू इथेच राहील, मी अवाक्षर काढणार नाही. नाही निघाला, तर ज्येष्ठ लागताच तिला पाठवा. आणि तेव्हा मी तुमच्यासमोर मांडी घालून बसेन आणि हात न धरता उठेन."

"आणि नाही उठता आलं तर?"

"तर मला तिथेच बसलेली सोडून गोदूला परत घेऊन या."

एक म्हातारी हसली, मग सगळ्या हसल्या. विहीणबाईही हसल्या. म्हणाल्या, "ठरलं." पण त्या थट्टेने म्हणाल्या नव्हत्या.

चैत्र, वैशाख

त्या दोन महिन्यांत आमच्या घरात सगळ्यांचे पाय सकाळी उजेडात तपासले जात. सासूबाई स्वतः तपासत. मी वाळूची पिशवी दोनदाऐवजी चारदा टांगून घेई आणि भिंत धरून बसण्या-उठण्याचा सराव करी. एकदा बाजी लागली की त्या माझ्या बाजूच्या झाल्या. माझ्याशी भांडायचा हक्क त्यांचा, माजिवड्याचा नाही. आळीत येसूबाईंना निघाला, कोपऱ्यावरच्या सोनाराला निघाला, त्याच्या भावाला दोन निघाले. आमच्याकडे काही नाही.

वैशाखाचे शेवटचे आठ दिवस उरले आणि माझ्या उजव्या नडगीवर खाज सुटली.

मी कोणाला सांगितले नाही. दोन दिवस लुगडे घोट्यापर्यंत ओढून फिरले. तिसऱ्या दिवशी तिथे फोड आला. लाल, मधोमध पांढरा. मी परसात बसले आणि पहिल्यांदा मला खरी भीती वाटली. इस्पितळात वाटली नव्हती एवढी. तिथे फक्त पाय जाणार होता. आता वाटले, आपण दोन वर्षे सगळ्यांना नाचवले, लेकीला चाळीस बायकांसमोर पणाला लावले, आणि सगळे खोटे ठरले.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. "दाखव."

मी दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बोटाने दाबले. सात वेळा नारू काढलेली बाई ती. त्यांचा हात त्या बाबतीत म्हादूहून पक्का.

"आग होते?"

"नाही. नुसती खाजते."

"नारूचा फोड आगीशिवाय येत नाही. आणि मध्ये केस आहे, दिसत नाही का तुला? केसतोड आहे." त्यांनी नखाने पू काढला, हळद लावली आणि वर म्हणाल्या, "यंत्रातून बघायला गेली, घरचं डोळ्यांसमोरचं दिसेना."

मी जागची उठले आणि त्यांना वाकून नमस्कार केला. उठताना कोणाचा हात धरला नाही. हे माझ्या लक्षात आले नाही, त्यांच्या आले.

ज्येष्ठ

वैशाख अमावास्या गेली. घरात नारू नाही. ज्येष्ठ लागताच विहीणबाई स्वतः गोदूला घेऊन आल्या. शब्दाच्या पक्क्या, हे मी मानते. माजघरात सतरंजी घातली. मी तिच्यावर मांडी घालून बसले आणि उठले. एकदा नाही, दोनदा, कारण पहिल्यांदा त्या पदर सावरत होत्या, त्यांनी पाहिले नव्हते.

डॉक्टर इनासांना मी कळवले: दोन उन्हाळे संपले, घरातली माणसे इतकी, यंदा नारू एकही नाही. आळीतल्या कोणत्या घरी कोणाला निघाला, तेही सविस्तर लिहिले. त्यांचे उत्तर आले की आता ते मोठ्या साहेबांपुढे बोलणार. साहेब मानतील की नाही, त्यांचे ते पाहोत. आमच्या आळीतल्या बायका मानू लागल्या. येसूबाईंनी माझ्याकडून मांजरपाटाचे माप नेले.

हे वाचणाऱ्या भगिनींना माझे सांगणे थोडेच आहे. नारू ओढू नका, रोज दोन बोटेच. फोड आला की विहिरीत पाय घालू नका. पाणी दुहेरी कापडातून गाळा आणि गाळणे हंड्यात पिळू नका. थेंब गेला तर जाऊ द्या. एक उन्हाळा काही कळणार नाही, तेव्हा लोक हसतील. दुसऱ्याची वाट पाहा. आणि सून काही सांगू लागली, तर तिच्या हातावर मारण्याआधी ऐकून घ्या.

गोदू ज्येष्ठातल्या पौर्णिमेनंतर बाळंत झाली. मुलगी. बाराव्या दिवसापर्यंत सुईण न्हाऊ घालत होती, मग तिला तिच्या दुसऱ्या घरी जायचे होते. मी न्हाणीघरात पाटावर बसले आणि दोन्ही पाय समोर लांब केले. बाळाला पायांवर पालथे घ्यायचे, तर पाय सरळ लागतात. मधे खळगा राहिला तर पोर घसरते. यमुनेने बाळ माझ्या नडग्यांवर ठेवले. तेल लावलेले, निसरडे, संतापलेले, आळीभर ऐकू जाईल एवढे ओरडणारे.

बारशाला आलेल्या विहीणबाई दारात उभ्या होत्या. माझ्या गुडघ्याकडे बघत होत्या, नातीकडे नाही.

"घसरेल हं," त्या म्हणाल्या.

"घसरत नाही," मी म्हटले आणि पहिला तांब्या ओतला.